जाळलं की उगवतं?

डोंगर जाळला की पुढच्या साली गवत जोमानं येतं, हे सह्याद्रीच्या गावागावांत इतक्या खात्रीनं सांगितलं जातं, की वणवा विझवायला निघालेला माणूसच खुळा ठरतो. या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. वाळकं काड जळालं की ठोंबाला ऊन मिळतं, कोवळे कोंभ लवकर दिसतात. पण हेच काम विळाही करतो, शिवाय चारा घरी येतो. राहता राहिली राख. गवतातला बराचसा नत्र धुराबरोबर उडून जातो, आणि उतारावरची राख वळवाच्या पहिल्याच सरीत ओढ्याला लागते. उघडी पडलेली मातीही तिच्यामागून जाते.

आणि येतं ते गवत तरी कोणतं? कुसळीच्या बियाला टोकदार अणी आणि पीळ पडलेली शेपटी असते. ओल लागली की पीळ फिरतो, बी मातीत रुतून बसतं आणि वरून आग गेली तरी वाचतं. म्हणून सालोसाल जाळलेल्या माळावर कुसळी माजते. पिकल्यावर तिची कुसळं गुरांच्या तोंडाला टोचतात. करवंद, जांभूळ, हिरड्याची रोपं मात्र गुडघ्याएवढी होण्याआधीच होरपळतात.

दुसरा युक्तिवाद आपोआप लागणाऱ्या आगीचा: बांबूवर बांबू घासतो, वीज पडते. सह्याद्रीत विजा येतात त्या मुख्यतः वळवाबरोबर, पाऊस घेऊनच. डोंगर पेटतात फेब्रुवारी-मार्चमध्ये. आणि बांबूचं बेटच नसलेल्या कातळसड्यावर घासतं काय? बहुतेक ठिकाणी हात माणसाचाच असतो. कुठे विडीचं थोटूक, कुठे राब भाजताना सुटलेला जाळ, कुठे हौशी भटक्यांची चूल. विदर्भात फुलं वेचणं सोपं जावं म्हणून मोहाखालचा पाला पेटवतात. त्यात गरज तरी आहे; हौशी भटक्यांना तीही सबब नाही.

चढावर आग माणसापेक्षा वेगानं धावते. मार्च 2018 मध्ये तमिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरात सापडलेल्या गिर्यारोहकांपैकी वीसहून अधिक जण दगावले.

भारतीय वन कायदा 1927 पासून राखीव वनात आग लावायला मनाई करतो. पण रात्री काडी ओढणारा सापडणार कसा? उपग्रह आगीची खबर देतो, डोंगर चढायला माणसंच लागतात. म्हणून पैसा आधी खर्चावा: डिसेंबर-जानेवारीत गावकऱ्यांना रोजगार देऊन जाळरेषा काढाव्यात आणि कापलेलं गवत त्यांनाच न्यायला द्यावं. ज्या डोंगरातून दावणीला चारा येतो, तो पेटला तर गाव स्वतःहून धावेल. आज ते गवत ना गावाचं, ना गुरांचं.