कीर्द आहे, खतावणी नाही

जमाखर्चाच्या जुन्या पद्धतीत दोन वह्या असत. पहिली रोजकीर्द. दिवसभरात जे घडले ते घडले त्याच क्रमाने तीत उतरवायचे. रक्कम मोठी की लहान, व्यवहार घरचा की पेढीचा, याचा विचार तेथे करावयाचा नसे. दुसरी खतावणी. कीर्दीतील एकेक नोंद उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडण्याचे काम या वहीत होई. कीर्द लिहिली आणि खतावणी राहिली, तर पेढी काही बुडत नसे. परंतु एखाद्या गिऱ्हाइकाने येऊन ‘माझ्याकडे किती निघतात?’ असे विचारले, की सारी वही पान पान चाळावी लागे. इंदूरच्या सराफ्यात आणि कापड बाजारात ही जोडी पिढ्यान् पिढ्या नांदली. आज आपल्या हातातील यंत्रात या जोडीपैकी एकच वही नीट लिहिली जाते, आणि तिच्याविषयीच या महिन्यात चार शब्द लिहावयाचे आहेत.

मोबाइलवर वा संगणकावर आपण संकेतस्थळे ज्या साधनातून पाहतो त्याला ब्राउझर म्हणतात, हे आता घरोघरी ठाऊक झाले आहे. हा ब्राउझर आपण उघडलेल्या प्रत्येक पानाची नोंद ठेवतो: पानाचे नाव, त्याचा पत्ता, दिवस आणि वेळ. या नोंदवहीला ‘इतिहास’ असे भारदस्त नाव दिलेले असले, तरी ती वस्तुतः निव्वळ रोजकीर्द आहे. ती कोठे ठेवलेली असते, तीत हवे ते कसे सापडते आणि ती कोणी पाहावी, या तीन प्रश्नांची उत्तरे ब्राउझर घडविणाऱ्यांना द्यावी लागतात. ती उत्तरे चांगली की वाईट, याचा परिणाम मात्र आपल्या घरात दिसतो.

इंदूरचा मराठी माणूस एके काळी रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर या भागांत शोधावा लागे. आता कित्येक कुटुंबे आग्रा-मुंबई रस्त्यालगतच्या विजय नगरात आणि त्याच्या आसपास स्थिरावली आहेत. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी. घरी उरलेली दोघे महापालिकेचा संपत्तिकर, नळाचे देयक, आगगाडीचे आरक्षण, निवृत्तिवेतनासाठी लागणारा हयातीचा दाखला, सारे मोबाइलवरच पाहतात. अशा एखाद्या गृहस्थांनी मंगळवारी दुपारी पत्नीच्या गुडघेदुखीसंबंधी एक उत्तम लेख वाचला असे समजू. शनिवारी तो पुन्हा हवा आहे. त्यांना काय आठवते? लेखात एक हिरवे चित्र होते. वाचता वाचता बहिणीचा फोन आला. लेखक कोणी डॉक्टर होते. ब्राउझरची कीर्द मात्र तारीख आणि शीर्षक एवढेच जाणते. माणसाची स्मृती खतावणीसारखी चालते आणि यंत्राची कीर्दीसारखी. सारी अडचण या एका विसंवादातून निर्माण होते.

ही अडचण नवी नाही. पाहिलेल्याच पानाकडे परत जाणे ही आपली किती मोठी गरज आहे, याचे मोजमाप कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाच्या लिंडा टॉशर आणि सॉल ग्रीनबर्ग यांनी १९९७ साली प्रसिद्ध केले. २३ माणसांच्या सुमारे सहा आठवड्यांच्या वावराची नोंद त्यांनी तपासली. उघडलेल्या पानांपैकी ५८ टक्के पाने पूर्वी पाहिलेलीच निघाली. पुढे २००१ साली न्यूझीलंडमधील कॉकबर्न आणि मॅकेन्झी यांच्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ८१ टक्के आढळले. म्हणजे आपण ज्याला नित्य नवे समजतो, तो बहुतांशी परिचित वाटांवरचाच फेरफटका असतो. आणि तरीही कॅल्गरीच्या त्या पाहणीत इतिहासाची यादी उघडण्याचे प्रमाण शंभरात एकदाही भरले नाही. लोक मागे जाण्याचा बाण तेवढा पुनःपुन्हा दाबीत राहिले.

हा बाण सोयीचा खरा, पण त्याचे स्मरण अपुरे असते. राजवाड्यापासून निघून आपण सराफ्यात शिरलो, परत राजवाड्याशी आलो आणि मग खजुरी बाजाराकडे वळलो, अशी कल्पना करा. आता मागे जायचे म्हटले तर बाण आपल्याला फक्त राजवाड्याशी आणून सोडतो. सराफ्यात आपण गेलो होतो हे त्याच्या गावीही नसते. नवी वाट धरताच जुनी फांदी तो छाटून टाकतो. अनेकांना ‘पान हरवले’ असे वाटते ते याच ठिकाणी. कीर्दीत मात्र सराफ्याची नोंद शाबूत असते. म्हणून बाणाने पान सापडेना, तर इतिहास उघडावा. संगणकावर कंट्रोल आणि एच या कळा एकत्र दाबल्या की तो पुढ्यात येतो. मोबाइलवर तीन ठिपक्यांच्या मागे तो दडलेला असतो. चुकून मिटलेले पान परत हवे असेल, तर संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि टी या तीन कळा पुरतात.

खतावणीची कल्पना ब्राउझरच्या कितीतरी आधीची आहे. व्हॅनिव्हर बुश या अमेरिकन शास्त्रज्ञाने जुलै १९४५ मध्ये ‘अटलांटिक’ या मासिकात एक लेख लिहून ‘मेमेक्स’ नावाचे काल्पनिक यंत्र वर्णिले. त्या यंत्राचा धनी आपण वाचलेले कागद एकमेकांशी जोडून त्यांची एक वाट तयार करी, तिला नाव देई आणि वाटल्यास तिची प्रत मित्राच्या हाती ठेवी. नाव दिलेली वाट म्हणजे आपल्या भाषेत खातेच. प्रत्यक्षात ब्राउझर आले तेव्हा ही कल्पना मागे पडली. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या मोझेइकने न पाहिलेला दुवा निळा आणि पाहिलेला जांभळा दाखविण्याची सुंदर सोय लोकप्रिय केली. पण जांभळ्या रंगावरून आपण येथे येऊन गेलो एवढेच कळते, केव्हा आणि कशासाठी, हे कळत नाही. जून २००८ मध्ये फायरफॉक्सने एक मोठी सुधारणा केली. पत्त्याच्या पट्टीत एखाद-दुसरे अक्षर लिहिताच जुनी पाने पुढे येऊ लागली, आणि एखादे पान किती वेळा व किती अलीकडे पाहिले यांचा मेळ घालून त्यांचा क्रम ठरू लागला. २०२२ साली क्रोमने एकाच विषयाची पाने एकत्र बांधून दाखविण्याचा प्रयत्न केला. खतावणी लिहिण्यास आरंभ झाला आहे, एवढे म्हणता येईल.

परंतु आपल्यासारख्या घरांची एक निराळीच अडचण आहे, आणि तिकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. आपण ‘इंदूर’ म्हणतो; येथील हिंदी पानांवर ‘इंदौर’ असते. कोणी ‘विजय नगर’ असे सोडून लिहितो, कोणी ‘विजयनगर’ असे जोडून. बँकेच्या पानाचे शीर्षक बहुधा इंग्रजीत असते. इतिहासातील नेहमीचा शोध अक्षराशी अक्षर जुळवितो. अर्थाशी त्याला कर्तव्य नसते. त्यामुळे ‘इंदूर’ लिहून ‘इंदौर’चे पान सापडत नाही, आणि घरातील वडील माणूस ‘यंत्राने ते पुसून टाकले’ असे समजून गप्प बसतो. पान तेथेच असते. तीन भाषांत जगणाऱ्या घराला शोधही तीन रूपांत करावा लागतो, हे तूर्त ध्यानात ठेवणे बरे.

दुसरी गोष्ट मुदतीची. क्रोमच्या इतिहासाच्या यादीत साधारण ९० दिवसांचीच नोंद राहते. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना हयातीचा दाखला सामान्यतः दर नोव्हेंबरात द्यावा लागतो. गेल्या नोव्हेंबरात मुलाने शेजारी बसून उघडून दिलेले पान या नोव्हेंबरात कीर्दीतून केव्हाच गळून गेलेले असते. मग गृहस्थ शोधयंत्रात नाव टाकतात, आणि धोका येथेच उभा असतो. बँकेच्या, गॅसच्या किंवा निवृत्तिवेतनाच्या नावाने खोटी पाने आणि खोटे साहाय्य-क्रमांक शोधात पुढे आणून ठेवणाऱ्या टोळ्या देशभर आहेत. ज्या पानावर आपला व्यवहार पूर्वी बिनचूक पार पडला, त्याच पानाकडे परत जाणे हे दर वेळी नव्याने शोधण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असते. यासाठी पत्ता पहिल्या वेळी पासबुकावरून किंवा छापील देयकावरून ताडून घ्यावा आणि त्या पानाला खूण करून ठेवावी. ब्राउझरमध्ये याला बुकमार्क म्हणतात. वर्षातून एकदाच लागणाऱ्या पानांची ही हाताने लिहिलेली खतावणी होय. आणि दुर्दैवाने कोणी फसलाच, तर लाजेपोटी इतिहास पुसू नये. कोणते पान किती वाजता उघडले हा पुरावा असतो. त्याचे चित्र काढून ठेवावे आणि १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

नोंद असणे वेगळे आणि ती सापडणे वेगळे, हा धडा आपल्या समाजाला नवा नाही. पुण्यातील पेशवे दप्तराचे रुमाल इंग्रजांच्या ताब्यात शतकाहून अधिक काळ बांधून पडले होते. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत उमेदीची वर्षे घालविलेल्या रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडलेले कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे ते सामान्य अभ्यासकाच्या हाती आले. कागद आधीही होते. अभाव होता तो वाट दाखविणाऱ्याचा.

आता तिसरा प्रश्न, आणि तो सर्वांत नाजूक आहे. वाट जितकी सोपी, तितकी ती परक्यालाही सोपी. आपल्या घरांतून अजूनही एकच संगणक किंवा एकच टॅब्लेट चौघांच्या हातात फिरतो. वडिलांनी पत्त्याच्या पट्टीत एक अक्षर लिहावे आणि मुलीने आदल्या रात्री वाचलेले एखाद्या दुखण्याचे पान त्यांच्यासमोर यावे, असे सहज घडते. सून नोकरीचा शोध घेत असते, मुलगा एखाद्या चिंतेने समुपदेशकाचा पत्ता शोधीत असतो, आजोबा न सांगता स्वतःच्या छातीतील कळेविषयी वाचीत असतात. यांपैकी काहीही लज्जास्पद नाही. पण ते कधी व कोणाला सांगावे हा ज्याचा त्याचा अधिकार आहे. दुसऱ्याच्या नावाचे पत्र फोडू नये, ही शिस्त आपल्या वडीलधाऱ्यांनी पोस्टकार्डाच्या काळातही पाळली. तीच शिस्त येथे लागू आहे, आणि यंत्राने तिला हातभार लावला पाहिजे. क्रोममध्ये प्रत्येकाचे स्वतंत्र प्रोफाइल करता येते, त्यामुळे प्रत्येकाची कीर्द वेगळी राहते. फायरफॉक्समध्ये एखादे संकेतस्थळच समूळ विसरण्याची सोय आहे. सर्व वही जाळण्याची गरज नसते. एक ओळ खोडता येते.

इन्कॉग्निटो नावाच्या खिडकीवर मात्र फाजील भरवसा ठेवू नये. त्या खिडकीतील वावराची नोंद आपल्या यंत्रात राहत नाही, हे खरे. परंतु संकेतस्थळाला, कार्यालयातील जाळ्याला आणि इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीला आपला वावर दिसू शकतो. अमेरिकेत २०२० साली याच कारणाने दाखल झालेल्या दाव्यात गूगलने २०२४ मध्ये तडजोड केली आणि अब्जावधी नोंदी नष्ट अथवा निनावी करण्याचे मान्य केले. तसेच ब्राउझरमधील इतिहास आणि गूगलच्या खात्यावर साठणारी नोंद या दोन निराळ्या वह्या आहेत. एक पुसल्याने दुसरी पुसली जातेच असे नाही.

स्मरणाचा अतिरेक लोकांना मानवत नाही, हेही दिसून आले आहे. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये ‘रिकॉल’ नावाची सोय जाहीर केली. पडद्यावर जे दिसेल त्याची चित्रे संगणकाने सतत टिपून ठेवावी आणि पुढे साध्या शब्दांत विचारताच ती काढून द्यावी, अशी ती योजना होती. खतावणी म्हणून ती उत्तमच. पण किल्ली कोणाकडे, या प्रश्नावर इतका गदारोळ झाला की ती लांबणीवर टाकावी लागली, आणि पुढे मालकाने स्वतः संमती दिल्याखेरीज ती चालू होऊ नये असे ठरले.

विजय नगरात आणि त्याच्या परिसरात आज्ञावली लिहिणाऱ्यांची अनेक कार्यालये आहेत, आणि त्यांत काम करणारी मुले-मुली आपल्याच घरांतली आहेत. त्यांना सांगणे एवढेच: ‘इंदूर’ आणि ‘इंदौर’ एकच आहेत हे यंत्राला कळेल, वर्षातून एकदा लागणारे पान वर्षभर टिकेल, आणि प्रत्येकाची वही प्रत्येकाच्याच कुलपात राहील, अशी खतावणी तुम्ही लिहून पाहा. ती होईतो वाचकांनी येत्या रविवारी घरातील वडील मंडळींजवळ अर्धा तास बसावे, नित्याच्या चार-पाच पानांचे पत्ते ताडून त्यांना खुणा करून द्याव्यात, आणि इतिहास कोठे उघडतो ते त्यांच्याच बोटाने त्यांना उघडावयास लावावे. उघडल्यावर आत काय आहे ते मात्र आपण वाचू नये.