फोटो कुणाचा?

फोटो काढता येत नाही असे म्हणणारा माणूस हल्ली शोधूनही सापडायचा नाही. खिशातला मोबाईल काढला, बोट टेकवले, की झाला फोटो! पण लोकांचे जिणे आहे तसे टिपायचे, आणि पाहणाऱ्याला ते कळेल असे टिपायचे, हा प्रकार निराळा. त्याला डॉक्युमेंटरी फोटोग्राफी म्हणतात. ती शिकण्यासाठी मी आषाढीच्या वारीत सासवडपासून फलटणपर्यंत माउलींच्या पालखीबरोबर चालले. आम्ही शिकणारे सात जण, शिकविणारे साठी उलटलेले एक छायाचित्रकार, आणि आम्हांला सामावून घेणारी एक दिंडी, असा आमचा फिरता वर्ग होता.

नियम तीनच. पहिले दोन दिवस कॅमेरा पिशवीतून काढायचा नाही. काढल्यावर पन्नास मिलिमीटरची एकच लेन्स वापरायची. रात्री तंबूत दिवसाचे फक्त दहा फोटो दाखवायचे. ही लेन्स लांबचे जवळ ओढून आणीत नाही. आन्री कार्तिए-ब्रेसाँ हे थोर फ्रेंच छायाचित्रकार आपले बहुतेक काम तिच्यावरच करीत. तिचा गुण असा, की एखाद्याचा चेहरा हवा असेल तर आपल्याला त्याच्याजवळ चालत जावे लागते. आणि जवळ गेल्यावर चार शब्द बोलावेच लागतात.

कॅमेऱ्यावाचून दोन दिवस काय करायचे? पालेभाजी निवडली, भाकऱ्या थापल्या, टाळकऱ्यांच्या मागे चालले. पुढे पताकावाले, मग टाळकरी, त्यांच्यात मृदंगी आणि वीणेकरी, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, हा क्रम अंगवळणी पडला. इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा वारीवरचा लेख पुष्कळांनी वाचला असेल. दिंडीबरोबर पावले टाकल्याखेरीज तो लिहिला गेलाच नसता. फोटोचेही तसेच आहे.

संध्याकाळची समाजआरती घ्या. मुक्कामाच्या तळावर दिंड्या पालखीभोवती गोळा होतात. चोपदारांनी चोप उंचावला की सगळे टाळ एकदम थांबतात. पण एखाद्या दिंडीची तक्रार असली तर ती टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, मग ती शांत होते. नवख्याला हा नुसता गोंगाट वाटेल. ज्याला रीत ठाऊक आहे तो त्या दिंडीजवळ आधीच जाऊन उभा राहील. लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबाजवळ उभे रिंगण होते. दोन रांगांमधून अश्व धावत गेला, की शेकडो कॅमेरे त्याच्या मागे वळतात. आमचे गुरुजी म्हणाले, “घोडा सगळेच टिपतात. तो गेल्यावर काय होते ते बघा.” अश्व गेल्याबरोबर माणसे खाली वाकली आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावू लागली. वारी त्या वाकलेल्या पाठींत होती!

आता जरा अवघड गोष्ट. पहाटे तीनच्या सुमारास टँकरभोवती बायका अंधारात उघड्यावर अंघोळ उरकतात. वारीतले बायकांचे हाल दाखवायचे, तर याहून बोलका फोटो कोणता? मी बाई, म्हणून मला तिथे कुणी अडविलेही नसते. रात्री तंबूत यावर खूप वाद झाला. एक जण म्हणाला, “असे फोटो छापून आले म्हणजेच सोयी होतात.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण गर्दीत लुगडे धरून आडोसा करणाऱ्या बाईने जे झाकले, ते आपण चव्हाट्यावर कसे मांडायचे? मी दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर त्या टँकरचा, चिखलाचा आणि दोरीवर वाळणाऱ्या लुगड्यांचा फोटो घेतला. हाल त्यातही दिसतात.

आमच्या दिंडीत परभणीकडच्या एक आजी होत्या. भाकरी थापताना, टाळ्या वाजविताना त्यांचे कितीतरी फोटो मी त्यांना विचारून काढले. एके दिवशी त्या म्हणाल्या, “बाई, आता माझा एक नीट फोटो काढ. मी गेल्यावर पोरं भिंतीला लावतील असा.” डोक्यावरून पदर घेऊन, कपाळाला बुक्का लावून त्या ताठ उभ्या राहिल्या, हसल्यासुद्धा नाहीत. आमच्या शास्त्राप्रमाणे असा फोटो ‘सहज’ नव्हे. गुरुजींनी मात्र रात्री दहांतला तोच बाजूला काढला. म्हणाले, “बाकीच्या नवांत त्या तुम्हांला कशा दिसल्या ते आहे; यात त्यांना कसे दिसायचे आहे ते आहे. दोन्ही ठेवा. आणि हा छापून त्यांच्या हाती पोचवा.” मी छापून पाठविला.

वाचकहो, या दिवाळीत घरोघरी शेकडो फोटो निघतील आणि मोबाईलमध्येच राहतील. त्यांतला एक तरी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून काढा: तुम्हांला कसे दिसायचे आहे? ते पदर सारखा करतील, टोपी मागतील, खुर्ची उजेडात ओढायला सांगतील. कुरकूर न करता ऐका. आणि तो फोटो कागदावर छापून त्यांच्या हातात द्या.