खळग्यातला काचकागद

श्रमप्रतिष्ठा हा विषय आपण शाळेपासून निबंधात लिहीत आलो आहोत. त्यावर गुणही मिळवले आहेत. परंतु कोणत्या श्रमाला कारागिरी म्हणायचे आणि कोणत्या श्रमाला नुसती मजुरी, हे कोण ठरवते, हा प्रश्न त्या निबंधात कधी येत नाही. मला तो पडला इलेक्ट्रिक गिटारच्या एका लहानशा खळग्यामुळे.

माझा मोठा भाऊ पुण्याजवळच्या एका छोट्या कारखान्यात कामाला आहे. तेथे मागणीप्रमाणे गिटारी बनतात. दादाचे काम एका शब्दात सांगायचे तर घासणे. आमचे वडीलही फर्निचरच्या कामावर आयुष्यभर काचकागदच घासत आले. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा या घासण्याबद्दल चार शब्द छापून आणण्याची संधीही घरात प्रथम मलाच मिळत आहे.

इलेक्ट्रिक गिटार बहुधा आपल्या तंबोऱ्यासारखी पोकळ नसते. तिचे अंग भरीव लाकडाचे. तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. ते तारेचे कंपन विजेच्या रूपाने पुढे पाठवते. आवाज कमी-जास्त करायला अंगावर फिरवायची बटणे असतात. १९५४ साली बाजारात आलेल्या ‘स्ट्रॅटोकास्टर’ या प्रसिद्ध गिटारीत आवाजाचे बटण तारांच्या इतके जवळ आहे की, वाजवताना हात त्याला लागतो, अशी अनेक वादकांची तक्रार असते. म्हणून काही ठिकाणी बटणासाठी वाटोळा खळगा कोरतात आणि बटण त्यात खाली बसवतात.

खळगा कोरते यंत्र. साच्याच्या कडेने राउटर फिरला की काही मिनिटांत काम झाले. पण यंत्राच्या पात्याचे वळ आणि कधी कधी लाकूड करपल्याचे डाग मागे राहतात. खरे काम तेथून पुढे. वाटोळ्या भिंतीत लाकूड सगळीकडे सारखे नसते. दोन बाजूंना त्याच्या रेषा भिंतीच्या कडेने धावतात. उरलेल्या दोन बाजूंना त्या तुटून त्यांची तोंडे उघडी पडतात. ही तोंडे घासायला चिवट, आणि रंग जास्त पिणारी. तेथे हात कमी पडला तर रंग चढल्यावर काळपट डाग उमटतो. १२० नंबरचा कागद, मग १८०, मग २२०; प्रत्येकाने आधीच्याचे ओरखडे पुसायचे. भिंतीसाठी कागद लाकडी दांडीवर गुंडाळायचा, तळासाठी कागदाची चकती दांडीच्या टोकाला चिकटवायची. नुसत्या बोटाने घासले तर काठ झिजतो आणि तळ मध्येच खोल होतो. शिवाय रंगाचे थर चढले की खळगा किंचित आवळतो. तरीही बटण मोकळे फिरले पाहिजे, हा हिशेब आधीच करावा लागतो. हे कोणत्याही पुस्तकातून नव्हे, दादाच्या शेजारी बसून मी पाहिले आहे.

आता कोणी म्हणेल, बटणाखाली झाकल्या जाणाऱ्या जागेचे एवढे कौतुक कशाला? मित्रहो, लपलेली प्रत्येक जागा गुळगुळीत करावी, असे माझे म्हणणे नाही. गिटारच्या पाठीमागे तारांची जोडणी असलेली पोकळी झाकणाखाली जाते. ती आरशासारखी घासणे म्हणजे वेळेचा अपव्यय. तेथे तांब्याची पत्री नीट बसली म्हणजे पुरे. पण बटणाच्या खळग्याचा काठ उघडाच राहतो. चकाकत्या रंगावर उजेड पडला की तेथला प्रत्येक ओरखडा दिसतो, आणि वादकाचे बोट तर रोज त्याच काठाला लागते. कोठे थांबायचे आणि कोठे थांबायचे नाही, हे ज्याला कळते तोच कारागीर, अशी माझी व्याख्या आहे.

आणि तरीही कारखान्याच्या पगारपत्रकात दादाच्या नावापुढे ‘हेल्पर’ असे लिहिलेले असते. राउटर चालवणाऱ्याला त्याच्याहून जास्त पगार, कारण त्याच्या हातात यंत्र आहे आणि दादाच्या हातात कागद! आमच्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आपण सर्वांनी अभिमान बाळगला. तंबोऱ्याची जवारी काढणे म्हणजे तरी काय? घोडी हाताने थोडी थोडी घासत, ऐकत, पुन्हा घासत जाणे. ते घासणे कानाला कळते म्हणून त्याला आपण कला म्हणतो. खळग्यातले घासणे फक्त बोटाला कळते म्हणून ते मजुरी झाले काय?

प्रश्न केवळ मानाचा असता तर मी लेखणी उचलली नसती. खळगा लहान, म्हणून डोळा जवळ न्यावा लागतो आणि डोळ्याबरोबर नाकही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणारी असल्याचे नोंदवले आहे. दादा मात्र आजही तोंडाला रुमाल बांधून बसतो. बारीक धूळ रुमालाने अडत नाही. धूळ ओढून घेणारे यंत्र कारखान्यात आहे, पण ते राउटरला जोडलेले. ज्याला ‘हेल्पर’ म्हटले त्याच्या फुप्फुसांचा विचारही मग मागाहून होतो. नावाचा परिणाम असा शरीरापर्यंत पोहोचतो.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. घासणाऱ्याला कारागीर म्हणा, त्याचा पगार त्या नावाप्रमाणे ठरवा, आणि धूळ ओढणाऱ्या यंत्राची एक नळी त्याच्या पाटापर्यंत आणा. आपल्यापैकी जे उद्या कचेरीत बसतील, कारखाने काढतील, कामगारांचे कायदे राबवतील, त्यांनी पगारपत्रकावर सही करण्यापूर्वी ‘हेल्पर’ या शब्दापुढचा माणूस नेमके काय करतो, एवढे एकदा जाऊन पाहावे.