अहवाल जातो कुठे?



सरकारी योजनांचे ‘मूल्यमापन’ हा आता एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. सल्लागार संस्था नेमली जाते, तिची माणसे छापील तक्ते घेऊन गावात येतात, नळ आहे का, शौचालय आहे का असे विचारतात आणि निघून जातात. अहवाल बहुधा इंग्रजीत तयार होतो. ज्यांनी उत्तरे दिली त्यांच्यापर्यंत तो क्वचितच परत येतो.

हिशेबतपासणी आणि मूल्यमापन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी पंचायतींच्या अनुदानातील 60 टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांना बांधून दिली आणि तपासलेले हिशेब लोकांसमोर ठेवण्याची अट घातली. उत्तम झाले. पण पावत्या जुळल्या म्हणजे वैशाखात टाकीत पाणी होते, असे नाही. ते सांगायला मूल्यमापनच हवे.

आणि ते करणारा कोणी नेमला, यावर सगळे अवलंबून असते. आम्हा बँकवाल्यांना हे लवकर कळते. शाखेचा तपासनीस शाखाधिकारी निवडत नाही, वरचे कार्यालय पाठवते. प्रत्येक शेऱ्याला लेखी उत्तर द्यावे लागते, तोवर फाइल मिटत नाही. त्या आठवड्यात चहासुद्धा गोड लागत नाही, पण पद्धत योग्य आहे. इकडे मात्र जो विभाग खर्च करतो, तोच पुष्कळदा परीक्षक नेमतो आणि त्याचे बिलही तोच मंजूर करतो. अशा परीक्षकाने नापास कोणाला करावे?

पूर्वी असे नव्हते. 1952 साली सामूहिक विकास योजना सुरू झाली, त्याच वर्षी तिची पाहणी करायला नियोजन आयोगाखाली वेगळी मूल्यमापन संघटना उभी राहिली. योजनेत लोकांचा सहभाग कमी पडतो, हे तिने सरकारचीच संस्था असून लिहिले, आणि ते छापलेही गेले. 1957 च्या बलवंतराय मेहता समितीने पंचायत राज्याची शिफारस केली, त्यामागे हाच अनुभव होता. पुण्यात धनंजयराव गाडगीळांच्या गोखले संस्थेने केलेली शहराची पाहणी तर 1945 आणि 1952 साली दोन भागांत पुस्तकरूपाने आली. कोणीही ग्रंथालयात जाऊन वाचावी.

आता अमझेऱ्याचे. आपला सरदारपूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. येथे 1996 चा पेसा कायदा लागू होतो, आणि त्याचे मध्य प्रदेशचे नियम 15 नोव्हेंबर 2022 पासून अमलात आले. पंचायतीने खर्च केलेल्या निधीचे उपयोगिता प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घ्यावे, असे त्या कायद्याच्या चौथ्या कलमात आहे. एवढा अधिकार हाती असताना ग्रामसभेच्या दिवशी आपली मंडळी घरी बसतात, आणि संध्याकाळी ओट्यावर सरपंचांच्या नावाने बोटे मोडतात!

येत्या ग्रामसभेत प्रत्येक घरातून एक जण तरी जावा, आणि प्रमाणपत्रावर हात वर करण्याआधी विचारावे: या कामाची पाहणी कोणी केली? तिचा अहवाल येथे हिंदीत वाचून दाखवता का? नाही म्हणाले, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करावा. साधारण तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अर्ज लिहायला अडचण वाटल्यास रविवारी सकाळी आमच्याकडे या, लिहून देऊ.