पाकिटातले जिवाणू जिवंत आहेत का?

युरियाची ४५ किलोची गोणी आम्हा शेतकऱ्यांना २६६ रुपये ५० पैशांना मिळते. बाकीचा भार सरकार उचलतं. त्याच दुकानात मिळणाऱ्या रायझोबियमच्या पाकिटाची विचारपूस मात्र कोणी करत नाही. लातूरकडे, मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, खताच्या थप्पीवर ते पडलेलं मी दरवर्षी बघते. त्यात जिवाणू असतात, आणि दूध जसं उन्हात टिकत नाही तसे तेही टिकत नाहीत. पाकिटावरची तारीख शिल्लक असते, आतले जिवाणू मात्र मेलेले असतात.

मग शेतकरी म्हणतो, ‘लावून काही फरक पडला नाही.’ कसा पडेल?

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनं नत्राशिवाय बनत नाहीत. या जिवाणूंमुळे मुळांवर गाठी धरल्या तर त्यातला बराच नत्र हवेतून येतो. नाही धरल्या तर झाड तो जमिनीतून ओढतं आणि आपण तो पोत्यात भरून बाजार समितीत नेतो. आमच्याकडची काळी जमीन अशीच वर्षानुवर्षं रिकामी होत चालली आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

ब्राझीलही आपल्यासारखाच उष्ण मुलुख. तिथे योहाना डोबेरायनर या शास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात आग्रह धरला की सोयाबीनला नत्रखत नको, जिवाणू द्या. आज तिथलं सोयाबीन जवळजवळ नत्रखताविना पिकतं.

आपल्याकडे शिफारस जुनीच आहे: दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम संवर्धक (म्हणजे हेच पाकिटातलं जिवाणू खत), गुळाच्या थंड पाण्यात कालवून. बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी. सावलीत सुकवून लगेच पेरणी. हरभऱ्याचं पाकीट सोयाबीनला चालत नाही. महिनाभराने दोन-चार झाडं खुरप्याने मातीसकट काढावीत (उपटली तर गाठी मातीतच राहतात), गाठ नखाने फोडून बघावी. आत गुलाबी-लाल दिसली तर काम चालू आहे, पांढरी असेल तर नाही.

एवढी तपासणी सहाय्यक कृषी अधिकाऱ्याने गावागावात करावी आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. खरिपाच्या आढावा बैठकीत युरियाचा साठा विचारतात. संवर्धक किती थंड जागेत ठेवलं आणि नमुन्यात जिवाणू किती जिवंत निघाले, हेही तिथेच विचारा. पाकिटं बियाण्यासोबत, पेरणीच्या तोंडावर, तालुक्याच्या शीतपेटीतून येऊ द्या. युरियावर सरकार जेवढं खर्च करतं त्यापुढे हा खर्च किरकोळ आहे.