तीर्थदर्शन : श्रीक्षेत्र कुरवपूर

ज्या घरी श्रीगुरुचरित्राचा सप्ताह होतो त्या घरातील लहान मुलासही कुरवपूर हे नाव ठाऊक असते. गाणगापूर, नरसोबाची वाडी व औदुंबर ही क्षेत्रे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहेत. परंतु कृष्णेच्या पात्रातील ज्या बेटावर श्रीपाद श्रीवल्लभांनी वास्तव्य केले, ते बेट पाहिलेली मंडळी त्या मानाने थोडीच. वाट दूरची, भाषा परकी आणि मध्ये नदी, ही त्याची कारणे. म्हणून या महिन्यात त्या क्षेत्राविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

वास्तविक मराठवाड्यातील वाचकांस रायचूरचा मुलूख परका वाटण्याचे कारण नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तोपर्यंत औरंगाबाद व रायचूर हे दोन्ही जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते. पुढे आम्ही महाराष्ट्राचे झालो आणि ते कर्नाटकाचे. आमच्या मुकुंदवाडी स्थानकावरून जाणारा लोहमार्ग परभणीस पोहोचतो. तेथून परळी, उदगीर, बीदर असे करीत विकाराबादेस जावे आणि मग वाडीवरून रायचूर गाठावे. गाड्या बदलाव्या लागतात. परंतु परळीस श्रीवैजनाथाचे दर्शन घडते, हा लाभ लहान नव्हे. बीदर आले म्हणजे गुरुचरित्राचा नववा अध्याय आठवावा. कृष्णेच्या काठी राजाचे वैभव पाहून ज्याचे मन क्षणभर लोभावले, तो रजक पुढील जन्मी राजा झाला तो याच नगरीत.

रायचूरहून मोटारीने सुमारे ३० किलोमीटर गेले म्हणजे अतकूर हे गाव लागते. पुढे नाव. पूर्वापार येथे कातड्याने मढविलेल्या वेताच्या गोल टोपलीतून माणसे पलीकडे जात. कानडी मंडळी तिला हरिगोल म्हणतात आणि उत्तरतीरावरील तेलुगू मंडळी पुट्टी म्हणतात. बेटावर श्रीपादांच्या पादुकांचे मंदिर आहे, जुना वटवृक्ष आहे, आणि ज्या गुहेत श्रीवासुदेवानंद सरस्वती तथा टेंबे स्वामी यांनी तप केले ती गुहाही आहे. स्वामींचा १९११ सालचा चातुर्मास याच बेटावर झाला, आणि ज्याचा पाठ आज घरोघरी होतो ते घोरकष्टोद्धरण स्तोत्र त्यांनी येथेच रचिले. पलीकडच्या तीरावर पंचदेव पहाड हे स्थान आहे; ते तेलंगणात मोडते. दक्षिणतीरी कानडी, उत्तरतीरी तेलुगू आणि मध्ये बेटावर मराठी पोथीचे पारायण, असा हा त्रिवेणी संगम आहे.

बेटावर गेल्यावर पोथीचा आठवा अध्याय अवश्य वाचावा. त्यातील कथा येथील एका ब्राह्मण कुटुंबाची आहे. अंबिका नावाच्या स्त्रीची मुले जगेनात. जो एक जगला तो मंदबुद्धी निघाला. मुंज झाली तरी पाठ येईना. बाप कोपला, आई आड आली. पुढे बाप वारला आणि मायलेकरांवर भिक्षेची पाळी आली. बापाच्या विद्येचा दाखला देऊन लोक त्या पोरास इतके हिणवू लागले, की अखेर तो आणि त्याची माता कृष्णेत देह टाकावयास निघाली. तेव्हा श्रीपादांनी त्यांना अडविले, मातेस शनिप्रदोषाचे व्रत सांगितले आणि मुलाच्या मस्तकी हात ठेविला.

आमचा सारा जन्म शाळेत गेला, म्हणून या कथेत चमत्काराइतकेच आणखी काही आम्हांस दिसते. त्या मुलास नदीकडे कोणी लोटिले? त्याच्या मंद बुद्धीने नव्हे. शहाण्यासुरत्या लोकांच्या जिभेने. एकत्र कुटुंबात हा प्रसंग आजही घडतो. चुलत भावंडांचे गुण जेवणाच्या पंक्तीत मोजले जातात आणि ज्याचे कमी भरतात त्यास ‘दगड’ ही पदवी मिळते. आजोबा विद्वान, चुलते पदवीधर, आणि हा कोणावर गेला, असे त्याच्या तोंडावर विचारले जाते. विचारणारा विसरून जातो. ऐकणारा विसरत नाही. श्रीपादांनी त्या मुलास पाठ विचारिला नाही. आधी हात ठेविला. शिकविण्याचा हा क्रम प्रत्येक वडीलधाऱ्याने ध्यानी धरण्याजोगा आहे. हीच अंबिका पुढील जन्मी कारंज्यास श्रीनृसिंह सरस्वतींची माता झाली, आणि तो पुत्रदेखील मुंज होईपर्यंत बोलत नव्हता, हे वाचकांस स्मरत असेलच.

दोन दिवस हाताशी असतील तर भोवतालची स्थळे पाहावीत. रायचूरच्या किल्ल्याच्या भिंतीत १२९४ सालचा शिलालेख असून त्याची शिळा ४० फुटांहून अधिक लांब आहे. याच किल्ल्यासाठी १५२० साली कृष्णदेवराय व इस्माईल आदिलशहा यांची लढाई झाली. तुंगभद्रेच्या तीरी मंत्रालय येथे श्रीराघवेंद्र स्वामींचे १६७१ सालचे वृंदावन आहे. परतताना सोलापूरच्या मार्गाने यावे, म्हणजे भीमा-अमरजा संगमावरील गाणगापूरही घडते.

एक सूचना मात्र कटाक्षाने पाळावी. पावसाळ्यात वरच्या अंगास असलेल्या नारायणपूर धरणातून पाणी सोडतात, तेव्हा नदीतील बेटांचा तीराशी संबंध तुटतो. आश्विन वद्य द्वादशी, म्हणजे गुरुद्वादशी, हा येथील मोठा दिवस. त्या दिवशी श्रीपाद कृष्णेत अदृश्य झाले अशी श्रद्धा आहे. तथापि वृद्ध व लहान मुले बरोबर असतील तर मार्गशीर्ष-पौषात जावे, पाण्याची चौकशी आधी करावी आणि अंधार पडल्यावर नावेत बसू नये.

बहुधा अशा यात्रेस घरातील वडील मंडळी निघतात आणि बक्षीस म्हणून पहिल्या क्रमांकाचा नातू बरोबर घेतात. आमची विनंती इतकीच, की या खेपेस ज्याचा क्रमांक कधी लागला नाही त्याला बरोबर घ्यावे, नावेत त्याला आपल्याशेजारी बसवावे, आणि बेटावर आठवा अध्याय त्याच्याकडूनच वाचवून घ्यावा. तो अडखळला तरी कोणी हसू नये.