प्रत्येक धाप वयाची नसते



पन्नाशीच्या शेतकऱ्याला धाप लागली की घरचे म्हणतात, ‘वय झालं.’ शेजारी म्हणतो, ‘बिडी सोड.’ बिडी सोडावीच. पण जन्मात बिडीला न शिवलेल्या, लहानपणी दमा नसलेल्या माणसालाही चाळिशी-पन्नाशीत दमा सुरू होतो. दमा म्हणजे पोरांचा किंवा पिढीजात रोग, ही समजूत खोटी आहे.

दम्याची मोठी खूण ही की तो येतो आणि जातो. श्वासनळ्या आतून सुजतात, आवळतात, पुन्हा सैल होतात. रात्री किंवा पहाटे ढास लागून झोप मोडते, छाती आवळते, श्वास सोडताना शिटी वाजते. साधी सर्दी छातीत उतरते आणि खोकला आठवडेच्या आठवडे हटत नाही. दुपारी तोच माणूस ठणठणीत! दवाखान्यात पोचेतो छाती मोकळी झालेली असते आणि खोकल्याची बाटली घेऊन तो घरी परततो.

धूळ तर आपल्या धंद्यातच आहे. ज्वारीची मळणी, कडब्याची कुट्टी, जिनिंगमधली रुईची धूळ, चुलीतल्या पऱ्हाटीचा धूर. धान्य चाळणाऱ्यांना धाप लागते, हे इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० सालीच लिहून ठेवले आहे. मळणीच्या दिवसांत त्रास वाढतो आणि पाहुण्यांकडे चार दिवस राहिले की उतरतो, असे असेल तर कारण धुळीत शोधा, वयात नव्हे.

काट्यावर कापसाच्या किलोकिलोचा हिशेब ठेवता, तसा पंधरा दिवस श्वासाचा ठेवा. रात्री कितीदा उठलो, कोणत्या कामाला धाप लागली, कशाने थांबली. तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा आणि फुंकून श्वास मोजण्याची तपासणी मागा.

प्रत्येक धाप दम्याचीही नसते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, वजन घटणे असेल तर थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. पायांवर सूज आणि आडवे होताच गुदमरणे, हे हृदयाचे दुखणे असू शकते. फवारणीनंतर धाप, लाळ, घाम आणि बाहुल्या बारीक झाल्या तर ती विषबाधा समजा, क्षणभर थांबू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते विसरू नका.

‘पंपाची सवय लागते’ म्हणून लोक पंप टाळतात आणि गावात इंजेक्शने टोचून घेतात. पंपातले औषध थेट फुप्फुसात जाते, म्हणून मायक्रोग्रॅममध्ये पुरते. स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. सूज उतरवणारा पंप बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नका. धापेने वाक्य पुरे होईना, ओठ निळे पडले, पंपानेही उतार पडेना, तर १०८ ला फोन करा.

सूज उतरवणारे ब्युडेसोनाइड आणि श्वासनळी मोकळी करणारे सालब्युटामॉल, दोन्ही पंप केंद्र सरकारच्या २०२२ च्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. यादीत आहेत, पण आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात आहेत का? प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी जाऊन विचारावे आणि उत्तर पुढच्या जिल्हा बैठकीत मांडावे. नसतील तर मागणीचे निवेदन तिथेच लिहू.